काळी, हिरवी आणि पट्ट्याचा जोड

त्या वर्षी जगात हिप हॉपचे एकूण चार अल्बम निघाले आणि चारही उत्तम होते. माझा पुतण्या आता सांगतो की काका, त्या वर्षी शेकड्यांनी निघाले होते, लोक अजून त्यावर भांडतात. निघाले असतील. आमच्या गावापर्यंत, ढाणकीपर्यंत पोचले ते चार, आणि जे ढाणकीला पोचलं नाही त्याच्याबद्दल मत द्यायची आमची पद्धत नव्हती. आदल्या वर्षी एकही आला नव्हता. पुढच्या वर्षी अर्धा आला, म्हणजे आला पूर्ण, पण अर्धा टेपरेकॉर्डरने खाल्ला. तेव्हा एकाच वर्षात चार म्हणजे सुवर्णकाळच म्हणायचा, आणि त्या सुवर्णकाळाचा सर्वोत्तम अल्बम निवडण्याची जबाबदारी माझ्यावर आली होती. मला इंग्रजी येत नव्हतं. हे मी तेव्हा माझं बलस्थान समजत होतो. शब्दांनी माणसाचं मत बिघडतं, असं मी बोलूनही दाखवत असे.

आमची पिठाची गिरणी होती. पुढे गिरणी, मागे घर, आणि मधल्या दाराला कधी कडी लागली नाही, त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू थोडी थोडी पांढरी होती. देवाच्या तसबिरी पांढऱ्या, माझी पुस्तकं पांढरी, बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, भुवया तर मी काळ्या पाहिल्याचं मला आठवतच नाही. मोटारीपासून दगडांपर्यंत कॅनव्हासचा लांब पट्टा होता. तो एकदा तुटल्यावर बाबूजींनी स्वतः लोखंडी आकडे मारून जोडला होता, आणि तो जोड दर फेऱ्याला चाकावर आपटायचा. धप्. मग घरघर, मग पुन्हा धप्. आम्ही त्या धपवर जेवलो, त्या धपवर अभ्यास केला, आईनं तर भाकरी थापण्याची लयसुद्धा नकळत त्यालाच बांधली होती. आता घरोघरी घरघंट्या आल्यात, लहान मुलाच्या उंचीच्या, शहाण्यासारख्या गुणगुणणाऱ्या. त्यांचं पीठ मला बेचव लागतं, पण डॉक्टर म्हणतात तो माझ्या गोळ्यांचा परिणाम आहे.

कॅसेट्स आणल्या विजूदादाने. हा माझा मावसभाऊ, पुसदचा, पुण्याला इंजिनिअरिंगला. पुण्याला गेल्यापासून तो ‘मले’चं ‘मला’ करून आला होता आणि आईनं वाढलेल्या भाकरीला ‘थँक्यू’ म्हणाला होता, त्यावर आई दिवसभर अस्वस्थ होती. उन्हाळ्याच्या सुटीत तो आमच्याकडे राहिला आणि जाताना चार कॅसेट ठेवून गेला. म्हणाला, या हॉस्टेलवरच्या मित्रांच्या आहेत, दिवाळीपर्यंत ऐका. एक मी माझ्या पैशाने घेतली असं समज, ती ठेव. कोणती ते तू ठरव. बाकीच्या तीन दिवाळीला पुसदला पाठव, माझा मित्र तिथून नेईल. चारही कॅसेट भरून घ्याव्यात म्हणून मी बसस्टँडवरच्या रेकॉर्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने पहिली लावली, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकली आणि परत दिली. म्हणाला, हे गाणं नाही, हे भांडण आहे, आणि मी भांडणं भरून देत नाही. त्याच्या दुकानाची एक इज्जत होती.

निवड समितीत तिघे होतो. मी अध्यक्ष, कारण टेपरेकॉर्डर आमचा. दुसरा राजरत्न, माझा वर्गमित्र. त्याचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या घरी उशीएवढी जाड डिक्शनरी होती आणि टेपरेकॉर्डर मुळीच नव्हता, कारण गाण्यांनी पोरं वाया जातात असं मास्तरांचं मत होतं. राजरत्न ती डिक्शनरी पिशवीत घालून गिरणीवर यायचा, पिठाच्या डब्यावर बसायचा आणि एकेक ओळ पुन्हा पुन्हा लावून शब्द शोधायचा. निम्मे शब्द सापडायचे नाहीत. जे सापडले नाहीत ते चांगलेच असणार, असं आमचं ठरलं होतं. तिसरी माझी मोठी बहीण शालूताई. ती काट्यावर बसून दळण तोलायची आणि समितीत आहे हे तिला माहीत नव्हतं.

कॅसेट्सची नावं आम्ही वाचली नाहीत, मुखपृष्ठावरून ठेवली. काळी, हिरवी, दातवाली आणि कुत्र्यावाली. कुत्र्यावाली लवकर बाद झाली. तिच्यात खरोखर एक कुत्रा भुंकायचा आणि तो भुंकला की समोरच्या किराणा दुकानाचा कुत्रा येऊन उंबऱ्यावर उभा राहायचा, गिऱ्हाईक आत येईना. दातवाली आम्ही नेमकी मिरच्या कांडायच्या दिवसांत ऐकली. तिचं एकही गाणं आम्ही शिंकल्याशिवाय पुरं केलं नाही, आणि पुढे मिरची संपली तरी ती लावली की माझ्या डोळ्यांना पाणी यायचं. अशा स्थितीत निःपक्षपाती राहता येत नाही, म्हणून तीही बाद. उरल्या दोन. मला काळी हवी होती, राजरत्नला हिरवी.

माझी काळी म्हणजे काय होतं ते कसं सांगू. तिचा ठोका छातीत बसायचा. माणूस बोलायला लागला की जमीन हलायची, अक्षरशः, मला तळपायांना कळायचं. हिरवीचा माणूस त्यामानाने भरभर, कुणाच्या तरी मागे लागल्यासारखा बोलायचा आणि ठोका त्याच्या मागे कुठेतरी धडपडत यायचा. राजरत्न म्हणायचा, तो त्याच्या गल्लीबद्दल सांगतो, त्याच्या आजीबद्दल सांगतो, ज्या शाळेनं त्याला काढलं तिच्याबद्दल सांगतो, तू ऐक तं खरं. मी म्हणायचो, मी ठोका ऐकतो. आमचा वाद पावसाळाभर चालला. भाद्रपदात राजरत्न एकदा डिक्शनरी मिटून मला म्हणाला, “तुह्यापाशी रेडिओ आहे, टेप आहे, चारी कॅसेटी आहेत. हिरवी गेली तं माह्यापाशी काहीच नाही राहत, गड्या.” मी त्याला सांगितलं की निकाल गुणवत्तेवर लागेल. मी तेव्हा अशी वाक्यं फार बोलत असे.

निकाल दिवाळीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी लावायचं ठरलं. त्या दिवशी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. चकलीची भाजणी, लाडवाचं बेसन, अनारशांचे तांदूळ. भाजलेल्या डाळीच्या वासानं गल्लीतली माणसं उगीच आत डोकावून जात होती. मी टेप फळीवर ठेवला, आवाज पूर्ण सोडला आणि आधी हिरवी, मग काळी अशी दोन-दोन गाणी लावली. हिरवी गिरणीच्या आवाजात चाचपडली. काळी लागली आणि गिरणी एकदम सभागृह झाली. राजरत्ननं आधी पट्ट्याकडे बघितलं. मग म्हणाला, “एकदा गिरणी बंद करून ऐक, मंग दे निकाल.”

“बाजाराच्या दिवशी गिरणी बंद करत असतेत का?”

“मंग माह्या घरी चाल. बाबा नाहीत. टेप घे अन् चाल.”

मी त्याला शालूताईचा पाय दाखवला. ती काट्यावर भाजणीचा डबा ठेवत होती आणि तिचा पाय ठोक्यावर हलत होता. तो पाय मी मत म्हणून धरला. दोन विरुद्ध एक. काळी राहिली, आणि हिरवी, दातवाली व कुत्र्यावाली एका कापडी पिशवीत शिवून मी दुपारच्या पुसद गाडीच्या ड्रायव्हरजवळ दिल्या. राजरत्न स्टँडपर्यंत आला नाही.

परत येतो तो लाईन गेलेली. गिरणी थांबली होती, बाया ओट्यावर बसून गप्पा मारत होत्या. टेपात सेल होते. विजयी अल्बम निवांत ऐकावा म्हणून मी काळी लावली. सुरुवातीला मला वाटलं आवाज कमी आहे. मी वाढवला. मग वाटलं की गाणं अजून सुरू व्हायचं आहे. ते संपलं. रेशनच्या दुकानात रांगेत उभा माणूस नंबर येईपर्यंत स्वतःशीच बोलतो, तसं कुणीतरी काहीतरी बोलून गेलं होतं. ठोका नव्हता. म्हणजे होता, लांब कुठेतरी कुणी उशी झटकावी तसा. दुसरं गाणं लावलं, तेही तसंच. तेवढ्यात लाईन आली, मोटार घुमली, पट्ट्याने वेग धरला आणि धप् केलं. त्याबरोबर काळी जिवंत झाली. शालूताईचा पाय हलायला लागला. टेप मी बंद केला, तरी पाय हलतच राहिला.

मी सायकल काढून स्टँडवर गेलो. गाडी वेळेवर सुटली होती. त्या वर्षात असं घडल्याचं माझ्या तरी दुसरं ऐकिवात नाही.

मी कुणाला काही बोललो नाही. सेल कमजोर आहेत असं स्वतःशी ठरवलं, नवे आणले, ते पण कमजोर निघाले. शेवटी एक साधा उपाय उरला, काळी फक्त गिरणी चालू असताना ऐकायची. पण दिवाळीनंतर दळणं एकदम कमी होतात, आणि गिरणी रिकामी चालवता येत नाही. दाणा नसला की दगडावर दगड घासतो, टाकी, म्हणजे दगडावर टाचलेली धार, जाते, पुढच्या पिठात कच येते. हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. म्हणून मी गिरणी रिकामी चालवली नाही. दुपारी बाबूजी आडवे झाले की ओट्यावर ओळीनं ठेवलेले, दळून झालेले जवारीचे डबे घ्यायचो आणि पुन्हा टाकायचो. कॅसेटच्या पहिल्या बाजूला एकदा, दुसऱ्या बाजूला एकदा. एखादं गाणं फारच आवडलं तर तिसऱ्यांदा. पीठ सुरेख होत होतं, अंगाला लावायच्या पावडरीसारखं. मला वाटलं गिऱ्हाईक खूश होईल.

काशीबाई पहिली आली. ही मागच्या गल्लीतली, चार सुनांची सासू, तिचं दळण आमच्याकडे रोज असायचं. ती ओट्यावर बसली, डबा मधोमध ठेवला आणि बाबूजींना म्हणाली, “भाऊ, तीन दिवसांपासून भाकर फाटून राह्यली. जवारी माहीच, हात माहेच, तवा माहाच. मंग बदललं काय?” तिच्या मागे आणखी दोघी होत्या. बाबूजींनी चिमूटभर पीठ घेतलं, बोटात चोळलं, जिभेला लावलं. पिठाची विरी गेली होती. विरी म्हणजे पिठाचा तो चिकटपणा, ज्याच्या जोरावर भाकरी थापली जाते. पीठ दगडात पुन्हा पुन्हा तापलं की ती मरते. कितीदा टाकलं, असं त्यांनी मला विचारलं. मी एकदा म्हणालो. त्यांनी शालूताईकडे पाहिलं. ती म्हणाली, तीनदा.

“काहून?”

मी बाबूजींना हिप हॉप समजावून सांगितलं. ठोका म्हणजे काय, अल्बम म्हणजे काय, सर्वोत्तम कशाला म्हणायचं. सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे आपली गिरणी वाजते, अन् बक्षीस त्या कॅसेटले?” त्या वर्षी या विषयावर बरंच बोललं गेलं, त्यात एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मग त्यांनी घरच्या कोठीतली जवारी काढून तिघींना नव्यानं दळून दिली आणि ते मेलेलं पीठ आमच्या वाट्याला आलं. भाकर होईना म्हणून आईनं आंबील केली. सकाळी ताक घालून आंबील, संध्याकाळी लसणाची फोडणी देऊन आंबील, सोबतीला ठेचा. पंधरवडाभर घरात कुणी काही चावलं नाही. आजही कुणी कौतुकानं पौष्टिक म्हणून आंबील पुढे केली की मी नम्रपणे नाही म्हणतो.

राजरत्न निकालाच्या दिवसापासून गिरणीवर आला नव्हता. शाळेत पण तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला होता. आंबिलीच्या आठव्या की नवव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर अभ्यास करत होता. समिती निकालावर पुनर्विचार करते आहे, असं मी सांगितलं.

“आता काय विचार करतं? हिरवी पुण्याले पोचली असंन.”

“तुले किती पाठ आहे ते?”

तो वहीत बघत राहिला. पान उलटून म्हणाला, “दोन्ही बाजू.”

मी खिशातून काळी काढली. म्हटलं, तू म्हण, मी यावर भरतो. त्याने माझ्याकडे पाहिलं तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. “तुही काळी पुसल्या जाईन,” तो म्हणाला. मी म्हणालो, जाऊ दे. हे मी फार उदारपणे म्हणालो. तिच्यात उरलंच काय होतं, ते सांगायची मला तेव्हा गरज वाटली नाही.

बाजाराच्या दिवशी, बाबूजींच्या अटीवर, म्हणजे गिऱ्हाइकाचं दळण एकदाच आणि टेप त्यात चालतो तर चालू दे, आम्ही बसलो. कॅसेटच्या वरच्या दोन खाचांत कागदाचे बोळे कोंबले, त्याशिवाय लाल बटण दाबलं जात नाही. टेप पिठाच्या डब्यावर, राजरत्न पट्ट्यापासून दोन हातांवर. मी दोन्ही बटणं एकदम दाबली आणि त्याला मानेनं खूण केली. त्याने दोन-तीन धप् जाऊ दिले. मग सुरू झाला. हिरवीचा ठोका पट्ट्याशी कधी जुळला नव्हता, पण तोंड माणसाचं असल्यामुळे त्याने ते जुळवून घेतलं. भरभर, कुणाच्या तरी मागे लागल्यासारखा, डोळे मिटून. जे शब्द डिक्शनरीत सापडले नव्हते तिथे तो तेवढ्याच वजनाचे आपले घालत होता, त्यामुळे त्या परदेशी माणसाच्या गल्लीत मधूनच आमच्या शेजारची फुलसावंगी आली, महागाव आलं, त्याच्या आजीच्या हातात विळा आला. बाया दळण विसरून ऐकायला लागल्या. तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर काशीबाईनं विचारलं, माहा गहू झाला का. ते पण भरलं गेलं.

मी बाजू पलटली. दुसऱ्या बाजूची सुरुवात इंग्रजीत झाली. मग राजरत्ननं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच ठोक्यावर, त्याच सुरात म्हणाला:

“गिरणीवाल्याचा पोट्टा, याच्या कानात भरलं पीठ,
इंग्रजी याले येत नाही, मराठी नाही नीट.
काळीले देल्ला पयला नंबर, हिरवीले देल्ली बस,
पट्टा करते धपाक धपाक, हा म्हनते गाण्यात रस.
जवारी दळली तीनदा यानं, भाकर फाटली घरोघरी,
याच्यापरीस आमची म्हैस गाणं ऐकते बरी!”

आधी काशीबाई हसली, मग सगळा ओटा. हे तं पोळ्याच्या झडत्या झाल्या, असं ती म्हणाली. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे असताना माणसं एकमेकांना यमकात टोमणे मारतात त्या झडत्या. राजरत्न थांबला नाही. माझं कपडे घालणं, माझं निकाल देणं, बीजगणितातले माझे गुण, सगळं त्याने पट्ट्यावर बसवलं. बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. अध्यक्ष म्हणून तो अधिकारही माझा होता. मी बोट उचललं नाही आणि दाबलंही नाही. पाच-सहा महिने मी ठोक्यामागे होतो आणि तो कुठे बसतो ते मला पहिल्यांदाच कळत होतं, हे एक. शिवाय ते चांगलं होतं. माझ्याबद्दल नसतं तर आणखी आवडलं असतं.

टेप संपून खटका पडला. शालूताईनं कुणी न विचारता मत दिलं, म्हणाली, ही. बाबूजी पिठात हात घालून म्हणाले, याच्यातलं समजते तं खरं. मी निकाल जाहीर केला. कॅसेट राजरत्नला दिली. ती त्याने शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात धरून घरी नेली, जिथे ती वाजवायला काही नव्हतं. म्हणून तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खिशात घालून गिरणीवर आला, आणि त्यानंतर रोज.

संक्रांतीला विजूदादा पुसदहून तिळगूळ घेऊन आला. चहा व्हायच्या आधीच त्याने विचारलं, मग कोणती ठेवलीस? मी माझ्यापाशी राहिलेलं काळं मुखपृष्ठ दाखवलं. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, पीठ उडालं. “शाब्बास. आमच्या हॉस्टेलवर वर्षभर वाद चालला, शेवटी सगळे काळीवरच आले. बाहेरच्या मासिकांत पण तेच. गेल्या वर्षातला बेस्ट अल्बम. तुला कसं काय कळलं रे, इथे बसून?”

माझं मत जगाच्या मताशी जुळल्याचा तेवढा एकच प्रसंग माझ्या आयुष्यात आहे. पुढे कशातच जुळलं नाही, ना निवडणुकीत, ना जावई निवडण्यात. मी काहीतरी नम्र बोललो. विजूदादा म्हणाला, लाव की मग.

राजरत्न दाराशीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, खिशातली कॅसेट काढून माझ्या हातावर ठेवली आणि भिंतीला टेकला. सणामुळे गिरणी बंद होती. मी बटण दाबलं. विजूदादाने ओळखीचं काही ऐकायच्या तयारीनं मान हलवायला सुरुवात केली. धप् आला. मग राजरत्न आला. विजूदादाची मान थांबली. मी त्याला पट्ट्याबद्दल सांगायला लागलो, जोडाबद्दल, लाईन गेली होती त्याबद्दल. त्याने माझ्याकडे न बघता हात वर करून मला गप्प केलं. फुलसावंगी आली तेव्हा तो पुण्याचा राहिला नव्हता. काशीबाईच्या गव्हापाशी तो खुर्चीतून उठला आणि उभा राहून ऐकायला लागला. राजरत्न जमिनीकडे बघत अंगठ्यानं सांडलेल्या पिठात रेघा ओढत होता.

पहिली बाजू संपली. विजूदादानं राजरत्नला नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाला, “दुसरी बाजू लाव न बे.”

मी कॅसेट काढली, पलटली, आणि लावली.